स्लॅबमधले नाणे: एनजीसी, पीसीजीएस आणि इतर ग्रेडिंग कंपन्या कशा निवडाव्यात

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये पंचम जॉर्जचे दोन रुपये शेजारी शेजारी दिसतात. एक सुटा. दुसरा प्लॅस्टिकच्या जाड पारदर्शक डबीत, वर लेबल, लेबलवर ‘एमएस ६३’ अशी प्रत, आणि किंमत जवळजवळ दुप्पट. वरचे पैसे तिऱ्हाइताच्या मताचे आहेत. नाणे विकणारी नाही आणि घेणारीही नाही अशा एका कंपनीने ते तपासले, खरे असल्याचे सांगितले, त्याची प्रत ठरवली आणि सीलबंद करून दिले. अशा डबीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. हे मत कोणाचे, कशाबद्दल आणि किती बंधनकारक, हे कळले की वरचे पैसे द्यायचे की नाहीत हे तुमचे तुम्हालाच ठरवता येते.

महाराष्ट्रातल्या घरांत सर्वात जास्त सापडतात ते ब्रिटिश इंडियाचे चांदीचे रुपये, म्हणून इथली बहुतेक उदाहरणे त्यांचीच घेतली आहेत.

सर्वात आधी कायदा

या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्या अमेरिकेत आहेत, त्यामुळे ‘आजोबांचा रुपया पाठवून देऊ’ असा विचार पटकन मनात येतो. इथे थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेली संस्था सोडून इतर कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. ग्रेडिंग करून परत आणणार आहोत, विकणार नाही, हा बचाव चालत नाही. न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याच्या बॅगेत ‘जाताना एवढे ने रे’ म्हणून ठेवलेले नाणे हीसुद्धा निर्यातच.

रुपयांच्या बाबतीत ही रेषा ओळखायला सोपी आहे. पंचम जॉर्जचा चलनातला चांदीचा रुपया १९२२ पर्यंत येतो आणि मग थेट सहाव्या जॉर्जचा, १९३८ साल असलेला. म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांचे सगळे रुपये पुरावस्तू झाले आहेत. सहाव्या जॉर्जचे अजून नाहीत. पावली आणि पाव आणा यांच्याबाबत सावध राहा. ही नाणी १९२५ नंतरही पडत होती, आणि शंभर वर्षांची रेषा दर वर्षी एकेक साल पुढे सरकते. शिवराई आणि कंपनी सरकारचे रुपये तर निःसंशय पुरावस्तूच.

शंभर वर्षांच्या आतले नाणे पाठवतानाही ते पुरावस्तू नाही हे कस्टम्सला पटवून द्यावे लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण त्यासाठी तपासणी करून दाखला देते. नाण्यावर साल ठसठशीत आहे म्हणून दाखल्याची गरज नाही, असे गृहीत धरू नका. अनेक कुरिअर कंपन्या नाणी घेतच नाहीत. तेव्हा ‘नाणी’ हा शब्द वापरून आधी लेखी विचारा. पार्सलवर ‘मेटल सॅम्पल’ लिहून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. नाणे जप्त होते आणि विमाही मिळत नाही.

हे सगळे पाहता, महाराष्ट्रात राहणाऱ्या संग्राहकाला ग्रेडिंगचे ज्ञान मुख्यतः *विकत घेताना* लागते. पाठवण्याजोगी उरतात ती सहाव्या जॉर्जची नाणी, प्रजासत्ताकाची नाणी, आणि पोर्तुगीज गोव्याची उशिराची नाणी: १९४७ ची हलक्या चांदीची रुपिया, १९५२ ची ताम्र-निकेलची रुपिया, १९५८-५९ चे एश्कुदो. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी तिथल्याच लिलावात घेतलेली नाणी मात्र हव्या त्या कंपनीकडे सरळ देता येतात.

प्रतीची मोजपट्टी

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी मांडली. कल्पना अशी की ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. किंमतीचे ते गणित फार काळ टिकले नाही, पट्टी मात्र टिकली, आणि आज जगभरच्या नाण्यांना लावली जाते. तिचे टप्पे समान अंतरावर नाहीत हे नवख्याच्या लक्षात येत नाही:

१ ते १५: पूर्ण झिजलेले ते बऱ्यापैकी. साल वाचता येते, बारकावे गेलेले.
व्हीएफ २० ते ३५: मुख्य नक्षी स्पष्ट, उंच भाग सपाट.
एक्सएफ ४० आणि ४५: झीज फक्त उंच टोकांवर.
एयू ५० ते ५८: झिजेची नुसती चाहूल, चमक बरीचशी शिल्लक.
एमएस ६० ते ७०: चलनात न फिरलेले.
पीएफ किंवा पीआर: संग्राहकांसाठी खास पाडलेली प्रूफ नाणी. हा आकडा वेगळ्या जातीचा आहे. पीएफ ६३ आणि एमएस ६३ यांची तुलना करू नका.

सगळा गोंधळ एयू ५८ ते एमएस ६४ या पट्ट्यात होतो, आणि पैसेही इथेच जातात. एमएस ६० चे नाणे चलनात फिरलेले नसते, पण टाकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आपटून त्याच्या तोंडावर खरचटे भरलेले असू शकतात. एयू ५८ चे नाणे थोडे हाताळलेले असते, तरी दिसायला त्याच्याहून कितीतरी देखणे असू शकते. म्हणून आकडा मोठा म्हणजे नाणे सुंदर, असे समजू नका. पहिल्या चार-पाच खरेद्यांत चांगली एयू ५८ शोधा. कमी पैशांत डोळा तयार होतो.

हा फरक डोळ्यांनी कसा पकडायचा? पंचम जॉर्जचा रुपया घ्या. खोलीतला मोठा दिवा बंद करून एकच टेबललॅम्प लावा. नाणे कडेने धरून दिव्याखाली हळू फिरवा. चलनात न फिरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे, मध्ये कुठेही न तुटता, गोल फिरतात. आता पाचपट किंवा दहापट भिंगातून मुकुटावरचे मोती, कान, मिशीची कड आणि झग्यावरच्या साखळीतला हत्ती पाहा. झीज इथून सुरू होते. आऱ्या तिथे येऊन विझत असतील आणि त्या जागचा रंग मंद करडा असेल, तर ती झीज. भाग सपाट आहे पण चमक त्यावरूनही वाहते आहे, तर नाणे पाडतानाचा ठोकच कमजोर होता आणि नाणे एमएस असू शकते. एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस पाहा, व्हिक्टोरियाच्या रुपयावर चोळीवरची नक्षी.

हत्तीवरून सांगायचे म्हणजे, १९११ च्या रुपयावर याच हत्तीची सोंड आणि पाय असे पडले की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाल्यावर १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. त्यामुळे ‘डुक्करछाप’ रुपयाला मागणी मोठी, आणि मागणी असेल तिथे नाण्याशी खेळ करणारे हातही येतात. अशा नाण्यासाठी तिऱ्हाइताचे मत खरोखर कामाला येते.

कंपन्या

या धंद्याची सुरुवात अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने केली. त्यांनी १९७२ मध्ये खरे-खोटे तपासण्याची सेवा काढली आणि १९७९ पासून प्रतही सांगायला सुरुवात केली. ती एएनएसीएस. त्या काळी डबी नव्हती. नाण्याच्या फोटोचा दाखला मिळायचा. दाखला एका नाण्याचा आणि हातात दुसरेच, अशी पळवाट त्यात उघडी होती. नाणे आणि मत एकाच प्लॅस्टिकमध्ये बंद करण्याची पद्धत पीसीजीएसने १९८६ मध्ये रूढ केली. पाठोपाठ १९८७ मध्ये एनजीसी आली, १९९८ मध्ये आयसीजी.

*एनजीसी* (फ्लोरिडा). भारतीय लिलावांत याच कंपनीच्या डब्या जास्त दिसतात. जगभरच्या नाण्यांवर त्यांचा हात मोठा आहे, त्यामुळे ब्रिटिश इंडियाच्या रुपयाची तुलना करायला त्यांच्याच डब्यांतले भरपूर रुपये सापडतात. लेबलवर टाकसाळ कंसात येते: ‘बी’ म्हणजे बॉम्बे, ‘सी’ म्हणजे कलकत्ता. प्राचीन नाण्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे १ ते ७० वापरत नाहीत. शब्दांत प्रत, आणि ठोक व पृष्ठभाग यांना पाचपैकी गुण देतात. ही पद्धत जुन्या हाताने पाडलेल्या नाण्यांना अधिक न्याय देते असे आमचे मत आहे.

*पीसीजीएस* (कॅलिफोर्निया). अमेरिकन नाण्यांच्या बाजारात यांचा शब्द सर्वात वजनदार. भारतीय नाणी घेतात, पण भारतात त्यांच्या डब्या तुलनेने कमी फिरतात. त्याचा फायदा-तोटा दोन्ही आहे. अमेरिकेत किंवा युरोपात विकायचे असेल तर चालते. मुंबईत विकताना मात्र गिऱ्हाईक एनजीसीच्या भावाशी तुलना करते.

*एएनएसीएस आणि आयसीजी*. शुल्क कमी, काम प्रामाणिक, खऱ्या-खोट्याची खात्री करायला पुरेसे. पण त्यांच्या एमएस ६४ ला बाजार एनजीसीच्या एमएस ६४ चा भाव देत नाही. स्वतःच्या संग्रहासाठी ठेवायचे असेल तर हरकत नाही. विकायचे असेल तर वाचवलेले शुल्क विक्रीत निघून जाते.

*सीएसी*. दुसऱ्या कंपनीने दिलेली प्रत पटली तर ही कंपनी त्या डबीवर हिरवा किंवा सोनेरी बिल्ला लावते. ते काम अमेरिकन नाण्यांचे आहे. भारतीय रुपयाच्या डबीवर तसा बिल्ला चिकटवलेला दिसला तर सावध व्हा.

या चार-पाच नावांखेरीज, लेबलवर सुवर्णाक्षरे आणि गालिचासारखी नक्षी असलेल्या बऱ्याच डब्या बाजारात आहेत. एमएस ७० दिलेला १९४७ चा निकेल रुपया तुम्हाला तिथेच भेटेल. प्रिंटर आणि प्लॅस्टिक कोणीही आणू शकतो. कसोटी सोपी आहे: कंपनी लेखी हमी देते का, क्रमांकावरून पडताळणी करू देते का, आणि मोठे लिलावगृह ती डबी जशीच्या तशी मान्य करते का? तिन्हीपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले तर नाणे सुटे आहे असे समजूनच भाव करा.

एनजीसी आणि पीसीजीएसच्या हमीच्या अटी वाचाव्यातच. नाणे खोटे निघाले किंवा प्रत उघडपणे जास्त दिली असेल तर भरपाई आहे. पण लेबलवरची टंकलेखनाची चूक, डबी उघडलेली असणे आणि तांब्याच्या नाण्याचा बदललेला रंग, यांना मर्यादा आहेत. तांब्याच्या नाण्यांवर बीएन, आरबी, आरडी अशी अक्षरे असतात: तपकिरी, तांबूस-तपकिरी, लाल. लाल तांबे आपल्या दमट हवेत लाल राहत नाही. आरडीसाठी जास्तीचे पैसे देताना हे लक्षात असू द्या.

डबी म्हणून काय फरक?

डबीला तीन कामे करायची असतात: नाणे दाखवणे, जपणे, आणि कोणी उघडली तर ते कळू देणे.

एनजीसीच्या आत पांढरी पट्टी असते, तिच्यात नाणे बसवलेले. पांढऱ्यावर चांदी उजळ दिसते. त्यांच्या एका प्रकारात नाणे चार बारीक नख्यांनी धरलेले असते आणि मधल्या जागेतून कड दिसते. भारतीय रुपयासाठी हा गुण फार मोलाचा आहे. १९४० पासूनच्या हलक्या चांदीच्या रुपयाला कडेच्या मधोमध खाच असलेली सुरक्षा कड आहे; त्याआधीच्या रुपयांची कड साधी दातेरी. कड दिसली की अर्धे काम झाले. नख्यांचा तोटा इतकाच की त्या काठाचा थोडा भाग झाकतात, आणि काठावरची खूण नेमकी तिथे असू शकते.

पीसीजीएसच्या डबीत नाण्याभोवती पारदर्शक प्लॅस्टिकचे कडे असते. काळसर-निळसर रंग चढलेली चांदी यात छान उठून दिसते, पण नेहमीच्या कड्यातून नाण्याची कड नीट तपासता येत नाही. डब्यांचे काठ असे आहेत की एकीवर एक रचल्या तर सरकत नाहीत. २०२० पासून डबीत एनएफसी चिप येऊ लागली. फोन जवळ नेला की नोंद उघडते. पीसीजीएसच्या अगदी सुरुवातीच्या लहान डब्यांत नाणे हलवले की खुळखुळते. त्या डब्या खोट्या नव्हेत. उलट अमेरिकेत त्यांना वेगळी मागणी आहे.

दोन्ही डब्यांबद्दल एकच मोठा गैरसमज आहे: त्या हवाबंद आहेत. नाहीत. ध्वनिलहरींनी वितळवून जोडलेल्या कडा उघडू देत नाहीत, पण हवा आणि ओल आत जाते. चांदी डबीतही काळवंडते, तांब्यावर ठिपके येतात. डबी हाताळण्यापासून वाचवते, हवेपासून नाही.

‘डिटेल्स’: लेबलवरचा सर्वात महाग शब्द

नाणे खरे आहे, पण पृष्ठभागाशी छेडछाड झाली आहे, अशा वेळी कंपनी आकडा देत नाही. ‘एयू डिटेल्स – क्लीन्ड’ असे काहीतरी लिहिते. किंमत त्याच झिजेच्या सरळ नाण्याच्या निम्म्याखालीही येऊ शकते. आपल्याकडच्या रुपयांना हा शेरा ज्या कारणांनी मिळतो ती घराघरांत सापडतील.

लक्ष्मीपूजनाला नाणी चिंचेने किंवा लिंबाने घासायची पद्धत. आम्ल चांदीचा वरचा थर खाते, आणि मग प्रकाशाच्या आऱ्या उरतच नाहीत; नाणे सगळीकडून सारखे पांढरे, मेलेले दिसते. राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर: यांनी केसासारखे समांतर ओरखडे पडतात. दिव्याखाली फिरवताना ते एका विशिष्ट कोनात एकदम चमकून उठतात. फोटोत दिसत नाहीत, आणि घासलेली नाणी फोटोवरून खपतात ती यामुळेच.

दुसरे कारण दागिने. रुपयांच्या माळा होत, बटणे होत. कडी काढून टाकली तरी काठावर, बहुतेक वेळा मुकुटाच्या बरोबर वर, डाखाचा फिकट ठिपका राहतो. भिंगाने आधी तिथेच पाहा. तिसरे, सराफाच्या खुणा: खरेपणा तपासताना मारलेले बारीक छिन्नीचे घाव किंवा ठसे. इतिहास म्हणून त्या सुंदर आहेत. प्रतीच्या दृष्टीने नुकसान. चौथे, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांचा हिरवट चिकट थर, त्याबद्दल पुढे. आणि हळदीकुंकवाचे डाग: चांदीच्या छिद्रांत बसलेले कुंकू निघत नाही, आणि घासून काढले की पुन्हा ‘क्लीन्ड’.

पूजेत असलेले नाणे पूजेतच राहू द्या. ग्रेडिंगला पाठवायचे म्हणून ते स्वच्छ करण्याची चूक मात्र करू नका.

पाठवायचे ठरलेच तर

समजा सहाव्या जॉर्जचा रुपया आहे, किंवा १९६९ चा गांधी शताब्दीचा चांदीचा दहा रुपये.

१. आधी हिशेब. ग्रेडिंगचे प्रतिनाणे शुल्क, दर अर्जाचे हाताळणी शुल्क, जातानाचे आणि येतानाचे टपाल, विमा, डॉलरचा भाव, मध्यस्थ असेल तर त्याचे कमिशन, परत येताना कस्टम्स. सगळे एकत्र करून नाण्यांच्या संख्येने भागा. नुसता हिशेब समजण्यापुरते: सुटे नाणे ३,००० रुपयांना जाते, चांगली प्रत मिळाली तर ६,००० ला जाईल, आणि खर्च नाण्यामागे ४,००० पडतो. प्रत मनासारखी आली तरी तोटाच. म्हणून एकटे नाणे पाठवू नका. आणि १९४५ चा साधा रुपया मुळीच पाठवू नका.

२. वजन आणि माप. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि कॅलिपर हवा. पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅम, व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. १९४० ते १९४५ च्या रुपयाचे वजन तेच, पण चांदी निम्मीच. १९४७ चा रुपया निकेलचा. चुंबकाला चिकटलाच पाहिजे. गांधींचे दहा रुपये १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के. झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, पण ११ ग्रॅमच्या खाली गेला आणि नक्षी मात्र टवटवीत असेल, तर तो ओतलेला खोटा रुपया असण्याची दाट शक्यता आहे.

३. साल दुर्मीळ असेल तर अंक तपासा. १९३९ चा रुपया अतिशय दुर्मीळ. १९३८ च्या शेवटच्या ८ वर कोरकाम करून ९ केलेले सापडतात. भिंगातून अंकाभोवतीची मोकळी जागा पाहा. तिथे खरवडल्याचा मंद डाग किंवा धातूचा पोत बदललेला दिसतो. कड इथे मदत करत नाही, कारण दोन्ही सालांची कड दातेरीच आहे.

४. नाणे पीव्हीसीच्या पाकिटात राहिले असेल आणि हिरवट थर आला असेल, तर चांदीच्या नाण्याला शुद्ध अॅसिटोन चालते. काचेच्या भांड्यात बुडवून काही मिनिटे ठेवा, बाहेर काढून ताज्या अॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवा, हवेत वाळू द्या. घासायचे नाही, पुसायचेही नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर गोष्टी असतात. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद. अॅसिटोन भडकन पेटते. काळेपणा काढायचे कोणतेही ‘डिप’ वापरू नका. खरोखर गरज असेल तर एनजीसी आणि पीसीजीएस दोघांकडे सशुल्क संवर्धन विभाग आहेत, ते काम त्यांच्यावर सोपवा.

५. मायलारच्या कडक, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात एकेक नाणे. स्टेपल मारलेली पुठ्ठ्याची चौकट नको: ती उघडताना पिन नाण्यावरून ओरखडा काढते आणि तुमच्या डोळ्यांसमोर एमएस ६४ चे ‘डिटेल्स’ होते. पाकिटावर अर्जातला अनुक्रमांक.

६. अर्जात देश, मूल्य, साल, टाकसाळ नीट लिहा. प्रकार नोंदवायचा असेल, उदाहरणार्थ ठिपका असलेला आणि नसलेला, तर त्याची वेगळी सेवा मागावी लागते आणि वेगळे पैसे पडतात. मागितली नाही तर लेबलवर नुसते साल येते. नाण्याची किंमत खरी लिहा. कमी लिहिली तर पार्सल हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळते.

७. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन लिहून ठेवा, मग पॅक करा. पेटीत काहीही हलता कामा नये. रबरबँड अजिबात नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

मनासारखी प्रत आली नाही म्हणून डबी फोडून पुन्हा पाठवणारे पुष्कळ आहेत. एकच नाणे तीनदा गेले की कंपनीच्या ‘पॉप्युलेशन’ यादीत (कोणत्या प्रतीची किती नाणी तपासली त्या नोंदीत) ते तीन नाणी म्हणून मोजले जाते, कारण जुनी लेबले परत करायला सगळेच विसरतात. म्हणून ‘या प्रतीची जगात फक्त सातच’ यासारखे वाक्य ऐकून भाव वाढवू नका. शिवाय साध्या रुपयांच्या बाबतीत आकडा लहान असतो तो बहुधा कोणी पाठवत नाही म्हणून.

डबीतले नाणे विकत घेताना

डब्याही खोट्या येतात, आणि क्रमांक खऱ्या नाण्याचा चोरलेला असतो. म्हणून नुसता क्रमांक टाकून ‘सापडला’ असे दिसणे पुरेसे नाही. कंपनीच्या पडताळणीत फोटो असेल तर एक ठळक खूण निवडा: गालावरचा ओरखडा, डागाचा आकार, काठापासून अक्षरांचे अंतर. ती हातातल्या नाण्यावर त्याच जागी आहे का? डाग गडद होऊ शकतो. ओरखडा जागा बदलत नाही.

मग डबीची कड बोटाने चाचपा. जोड एकसंध हवा. फेसाळ पांढरट रेषा, तडा, गोंदाचा थेंब दिसला तर घेऊ नका. लेबलवरचा छापील मजकूर, होलोग्राम आणि अक्षरांची ठेवण त्याच कंपनीच्या दुसऱ्या डबीशी ताडून पाहा. अशी तुलना करायला एखादी स्वस्त पण खात्रीची डबी जवळ असावी.

लेबल शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. ‘रीस्ट्राइक’ हा शब्द बारीक अक्षरांत असतो. टाकसाळींनी जुन्या साच्यांवरून नंतर पाडलेली प्रूफ नाणी खरीच असतात, पण मूळ प्रूफपेक्षा भाव फार कमी. टाकसाळीचे अक्षरही स्वतः तपासा. बॉम्बे आणि कलकत्ता यांची अदलाबदल लेबलवर होते, आणि ती चूक हमीत बसत नाही. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयावर तर हे फारच लागू. तेच साल पुढे कित्येक वर्षे कायम ठेवले गेले, आणि ठिपक्यांची संख्या व साच्यांचे प्रकार यांवरच किंमत ठरते. लेबल गप्प असेल तर ठिपके तुम्हीच मोजा.

आणि विक्रेत्याला एक गोष्ट मागा: नाणे एका दिव्याखाली हळू फिरवतानाचा व्हिडिओ. चिंचेने घासलेले नाणे फोटोत लपते, व्हिडिओत लपत नाही.

घरी ठेवताना

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हाच खरा शत्रू. डब्या प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या पेटीत उभ्या ठेवा. कंपन्यांच्या साध्या पेट्यांत वीस डब्या मावतात, पण त्या पेट्याही हवाबंद नसतात; त्यांना बाहेरून आणखी एक पेटी लागते. आत रंग बदलणारी सिलिका जेलची पाकिटे. रंग बदलला की ती तापवून कोरडी करा, नुसती ठेवून देऊ नका. ओलावलेली जेल काही उपयोगाची नाही. डांबरगोळ्या, कापूर, वर्तमानपत्र आणि ताज्या पॉलिशचे लाकडी कपाट यांच्यापासून लांब. बँकेचा लॉकर चोरापासून सुरक्षित, ओलीपासून नाही. तिथेही जेल हवीच.

डबीच्या प्लॅस्टिकवर ओरखडे आले तर ते नाण्यावर आहेत असे वाटून घाबरायला होते. डबी तिरपी करून भिंग लावा. ओरखडा नाण्याच्या वर तरंगताना दिसतो आणि डोळा हलवला की सरकतो. तसे असेल तर नाणे सुखरूप आहे. फार खराब झाली असेल तर कंपनीकडे नुसती डबी बदलून मिळते, पण नाणे शंभर वर्षांहून जुने असेल तर भारतातून त्यासाठीही पाठवता येत नाही. ओरखड्यांसह सांभाळा.